बारीचे महिने

मारेखीचा पाय ब्रेकवर पडला आणि सीट आपोआप पुढे सरकू लागली. गुडघे स्टिअरिंगच्या चाकाला टेकले, आरसा कुरकुर करत खाली वळला, तशी ती ओरडली.

"अरे ओतिया, थांबव हिला! चिरडतेय मला!"

तिच्या नवऱ्याने, ओतियाने, खिडकीतून हात घालून बटण दाबलं. मारेखीला गाडी चालवता येत नव्हती. पण आपल्या कष्टाची गाडी, एकदा चाकामागे बसून तरी बघू, म्हणून ती हौसेने बसली होती.

"मला वाटलं, माझ्यासाठी सीट लावून ठेवलीस," ती हसत म्हणाली. "पण ही तर कुणा चिमणीसाठी दिसतेय."

"कॅरलसाठी," ओतिया म्हणाला.

"कोण कॅरल?"

त्याने गाडीतल्या पडद्याकडे बोट केलं. कोपऱ्यात बारीक अक्षरांत नाव होतं. गाडी अमेरिकेत कुणा कॅरलची होती. गाडीला मागून धडक बसली, ती लिलावात निघाली, जहाजाने पोती बंदरात उतरली, रुस्तावीच्या गाड्यांच्या बाजारात तिला मागचा नवा पत्रा आणि नवा रंग मिळाला, आणि तिथून ती कुताइसी शहराजवळच्या या गावात आली. एवढ्या प्रवासात तिच्या अंगावरचं सगळं बदललं, पण बसणारी बाई तेवढी तिने लक्षात ठेवली.

"मग पुसून टाक ना ते नाव."

"टाकू की. एका मिनिटाचं काम आहे."

ते एका मिनिटाचं काम ओतियाने उन्हाळ्यापासून केलं नव्हतं. रोज सकाळी तो गाडीत बसायचा, सीट त्याला पुढे रेटायची, आणि तो तिला मागे ढकलायचा. ज्या घरात ठेवलेली वस्तू वर्षानुवर्षं ठेवल्या जागीच राहते, तिथे कुणी आपल्याला नुसतं ढकललं तरी बरं वाटतं. शिवाय त्याच्या मनातली मारेखी त्या जागेत अगदी नेमकी मावत होती. समोरची मारेखी मावत नव्हती. इटलीतल्या बारी गावात म्हाताऱ्या माणसांना उचलून उचलून तिचे खांदे रुंद झाले होते आणि कंबर जड. हे त्याला फोनच्या पडद्यावर कधी दिसलं नव्हतं.

त्या घरात हिशेब पैशांत होत नसे, बारीच्या महिन्यांत होई. घराचं छप्पर म्हणजे बारीचं एक वर्ष. मुलीचं लग्न म्हणजे त्याहून बरंच जास्त. गाडी ही शेवटची. ओतियाने विजेवरची गाडी टॅक्सी म्हणून चालवायची, पेट्रोलचा खर्च नाही, त्यात दोघांचं भागायचं, आणि मारेखीने कायमचं परत यायचं, असं ठरलं होतं. ती नव्या वर्षाच्या तोंडावर परत आलीही. आता तिने राहावं, एवढंच ओतियाला आयुष्याकडून हवं होतं. बाकी काही मागण्याचं त्याचं वय उरलं नव्हतं.

"गाडी ओली केलीत ना नीट?" गाडीतून उतरत तिने विचारलं.

"म्हणजे काय? सेवेरियान असताना कोरडी राहते होय?"

नवी वस्तू घरात आली की ती दारूने ओली करायची, नाहीतर लाभत नाही. शेजारचा सेवेरियान गावातल्या प्रत्येक मेजवानीचा म्होरक्या. प्याला कुणाच्या नावाने उचलायचा ते तोच ठरवायचा. सुगीनंतर अंगणात टेबल मांडलं होतं. मारेखी बारीहून फोनवर हजर होती. फोन भाकरीच्या टोपलीला टेकवून ठेवला होता. देवाच्या नावाने झालं, गावाच्या नावाने झालं, मग गेलेल्या माणसांची पाळी आली. सेवेरियान उठून उभा राहिला. त्याने आपल्या आईबापांची नावं घेतली, ओतियाच्या भावाचं घेतलं, आणि मग गाडीकडे बघून म्हणाला, "आणि ही बिचारी कॅरल. परक्या मुलखातली, पण आता आपल्या अंगणातली. तिलाही घोटभर मिळू दे." सगळ्यांनी भाकरीच्या तुकड्यांवर वाइनचे थेंब सोडले. पण ओतियाच्या भावाचं नाव घेतलं तेव्हाच इंटरनेट अडकलं होतं, आणि टोपलीला टेकलेला मारेखीचा चेहरा तोंड अर्धवट उघडं ठेवून तसाच थिजला होता. तो बराच वेळ तसा राहिला. ओतियाला तेव्हा कसंतरीच झालं होतं.

फोन थिजल्यावरचं यातलं मारेखीला काहीच माहीत नव्हतं. ओतियाने कॅरलचा भाग हसतहसत सांगितला. ती हसली नाही.

"ती मेली, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"गाडी भंगारात निघाली म्हणजे..."

"मागून तर ठोकलीय. बाई जिवंत असेल. कुठेतरी पोळी लाटत बसली असेल, आणि इकडे तुम्ही तिच्या नावाने भाकरी भिजवताय." तिने छातीवर क्रूस केला. "जित्याजागत्या बाईला मेलेल्यांत बसवलंत. लाज नाही वाटली?"

ओतियाला लाज वाटली. पण कुणाची, ते त्याला नीट कळलं नाही.

पहिल्या आठवड्यात मारेखी घरात पाहुण्यासारखी वावरत होती. चमचे कुठे आहेत, विचारायची. ती गेली तेव्हा होते तिथेच होते. मक्याची भाकरी थापायला घेतली तर हात अडखळले, आणि भाकरी तव्यावर फुटली. ओतिया म्हणाला, "असू दे, फुटली तरी चव तीच." ती म्हणाली, "सिनोराला फुटलेलं काही चालत नाही." सिनोरा म्हणजे बारीची म्हातारी, जिला मारेखी न्हाऊमाखू घालायची. आता तिच्याकडे मोल्दोव्हाची कुणी बाई ठेवली होती, आणि म्हातारी तिच्या हातचं खात नव्हती. हे मारेखीने दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा तक्रारीच्या सुरात. पण तक्रार कशाची, ते ओतियाला समजलं नाही.

दुपारी शेगडीशेजारी तिचा डोळा लागायचा आणि ती दचकून उठायची. इटालियनमध्ये काही पुटपुटत दारापर्यंत जायची, आणि उंबऱ्यावर थांबायची.

"काय झालं गं?"

"हाक आली मला."

"कुणाची?"

"कुणाची नाही." मग ती परत येऊन बसायची आणि हात मांडीवर उताणे ठेवायची. काम नसलेले हात कुठे ठेवावेत, हे तिला उमगत नव्हतं. अंगणात गाडी चार्ज होत असली की घरातला दिवा मिणमिणायचा, आणि त्या उजेडात आपल्या बायकोकडे बघताना ओतियाला वाटायचं, ही आली खरी, पण सगळी नाही आली. असं काही मनात आलं की तो उठून शेगडीत लाकूड घालायचा.

त्याच्याकडे आणखी एक गोष्ट होती, जी त्याने सांगितली नव्हती. थंडी पडल्यापासून गाडी निम्म्यावर दम टाकत होती. भरलेली बॅटरी कुताइसीच्या दोन फेऱ्यांत रिकामी व्हायची. थंडीत असं होतंच, असं टॅक्सीवाले म्हणाले, आणि ओतियाने ते आनंदाने मानलं. माणसाला हवं ते खोटं कुणीही सांगितलं तरी पटतं. मग एक दिवस बाजारातून येताना, मारेखी शेजारी आणि मागे चीजची मडकी असताना, गाडी चढावर शांतपणे बंद पडली. मुळात आवाजच नव्हता, त्यामुळे ती थांबलीय हे थोडं उशिराच कळलं.

गाडी ओढून जुंबेरकडे नेली; तो फक्त विजेच्या गाड्यांची कामं करायचा. पोरसवदा, पण हात चांगला. त्याने गाडी वर उचलली, बुडाचा पत्रा खोलला, आणि आतून वाळूचा बारीक थर खाली सांडला.

"काका, हिला मागून धडक बसली, असं कोण म्हणालं?"

"रुस्तावीत म्हणाले. फोटोपण दाखवले."

"धडक बसलीच असेल. पण त्याआधी ही पुरात बुडालीय. बघा, गंज बघा." त्याने बोटाने हिरवा थर खरवडला. "वरून रंगरंगोटी, आत नदी. बॅटरी निकामी होत चाललीय काका. हळूहळू एकेक कप्पा मरतोय."

"नवी?"

जुंबेरने आकडा सांगितला. ओतियाच्या तोंडचं पाणी पळालं. नाकापेक्षा मोती जड, तसलं प्रकरण होतं. त्याने मारेखीकडे बघितलं नाही, कारण ती काय करतेय हे त्याला माहीत होतं. ती तो आकडा मनातल्या मनात बारीच्या महिन्यांत मोजत होती.

"रुस्तावीला जाऊ आपण," तो घाईने म्हणाला. "धरतो त्याची गचांडी. पैसे परत घेतो."

"काका, तो माणूस आता दुसऱ्या नावाने दुसऱ्या कोपऱ्यात बसला असेल," जुंबेर म्हणाला.

"पेन्शन आहे. डुक्कर विकू. मी रात्रपाळीला चौकीदारी धरतो."

"जाईन मी," मारेखी म्हणाली.

दोघेही तिच्याकडे वळले. तिने ते अशा सुरात म्हटलं होतं, जशी बाई म्हणते, दूध संपलंय, आणते मी.

"कायमची आली होतीस तू," ओतिया म्हणाला.

"हो ना. पण आता काय करणार? वर्षभराचं तर आहे. फार तर जरा जास्त. सिनोराच्या मुलाला फोन करते, ते लोक डोळे लावूनच बसलेत." तिने जुंबेरकडे बघितलं. "पोरा, चालेल ना ही तोवर थोडीफार?"

"थोडीफार चालेल काकू. जुनी बॅटरी मिळतेय का, तेही बघतो. पण आशा नका ठेवू."

घरी आल्यावर ती रडेल, असं ओतियाला वाटलं होतं. काय म्हणायचं तेही त्याने वाटेत जुळवून ठेवलं होतं. ती रडली नाही. तिने बॅग काढली, कपडे इस्त्री केले, आणि गुणगुणत चीज भरून भाकरी केली. ती एकदाही फुटली नाही. त्या दुपारी शेगडीशेजारी ती गाढ झोपली, आणि दचकून उठली नाही. ओतिया समोर बसून तिच्याकडे बघत राहिला. थकली असेल बिचारी, असं तो स्वतःशी म्हणाला, आणि ते त्याने जवळजवळ खरं मानलं.

जायच्या दिवशी थंडी कडक होती. सेवेरियान कुंपणापाशी आला आणि मारेखीच्या हातात सुक्या मेव्याची पुडी देऊन म्हणाला, "वहिनी, आल्या आल्या चाललात? ओतिया घोरतो म्हणून का?"

"तुमची भाषणं ऐकवत नाहीत म्हणून," ती म्हणाली, आणि सगळे हसले. ओतियाही हसला.

विमानतळ काही लांब नव्हता, पण बॅटरीचा भरवसा नव्हता, म्हणून ओतियाने हीटर बंद ठेवला. दोघं कोट घालून, तोंडातून वाफा सोडत बसले होते. मारेखीने आपली शाल काढून त्याच्या गुडघ्यांवर टाकली आणि दोन्ही बाजूंनी घट्ट खोचली. म्हाताऱ्या माणसांना पांघरूण घालणाऱ्या बाईचे ते सराईत हात होते. ओतियाला ते आवडलं, आणि आवडलं याचं वाईट वाटलं.

"औषधं वेळेवर घे," ती म्हणाली.

"घेईन."

"शेगडीची नळी साफ करून घे. सेवेरियानवर सोडू नकोस."

"नाही सोडत."

विमानतळाचा फाटा दिसू लागला, तेवढ्यात फोन वाजला. या गाडीत फोन हातात घ्यावा लागत नसे. जुंबेरचा आवाज सगळ्या गाडीभर घुमला.

"काका! कुठे आहात? मिळाली बॅटरी! काल पोतीला एक ठोकलेली गाडी उतरलीय, हिचीच बहीण, पुढचा भाग चेचलाय पण बॅटरी ठणठणीत. मी स्वतः तपासली. भाव ऐकलात तर उठून नाचाल! डुक्कर विकलंत तरी भागेल, वर मला एक मांडी द्या. ऐकताय ना?"

"ऐकतोय," ओतिया म्हणाला.

"मग काकूंना सांगा की! म्हणावं, उतरवा बॅगा, कशाला जाताय आता!"

ओतियाने वळून बघितलं. त्याला वाटलं होतं, निदान एक क्षण तरी तिचा चेहरा उजळेल. मारेखी समोरच्या काचेकडे बघत होती. मांडीवरच्या पिशवीचा पट्टा तिने मुठीत धरला होता, आणि चेहरा असा होता, की जणू तिला कुणी चोरी करताना पकडलंय.

"देव तुझं भलं करो पोरा," ती म्हणाली. "बसवून टाक ती. तुझ्या काकांना थंडीचे हाल नकोत."

"हो काकू, पण तुम्ही..."

"आवाज तुटतोय रे तुझा," मारेखी म्हणाली. आवाज अगदी स्वच्छ येत होता. तिने हात पुढे करून पडद्यावरचं लाल बटण दाबलं.

गाडी पुढे चालत राहिली. फाटा जवळ आला. ओतियाने वेग कमी केला, इतका, की मागच्या ट्रकवाल्याने भोंगा वाजवला. उजवीकडे विमानतळ होता, सरळ गेलं तर पूल ओलांडून फिरून घरी जाता येत होतं. तो वाट बघत होता. तिने एक शब्द बोलावा, कुठलाही, म्हणून तो वाट बघत होता.

मारेखीने पिशवी आणखी जवळ ओढली.

"सिनोरा जेवत नाहीये, ओतिया," ती हळूच म्हणाली.

त्याने उजवीकडचा दिवा लावला. बिनआवाजाच्या गाडीत त्याची टिकटिक फार मोठी वाटली. त्याने चाक वळवलं, आणि मग हात लांब करून हीटर चालू केला, कारण आता राखून ठेवण्यासारखं काही नव्हतं.

"उन्हाळ्यात येईन की," मारेखी म्हणाली.

ओतियाने तिला काही विचारलं नव्हतं.