मास्तरांनी धुणं लावलं

चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवणाऱ्या माणसाने स्वतःचा एक रुमालसुद्धा कधी धुतलेला नसावा, याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा. मी म्हणायला गेलो तर तोंडून वाईट शब्द जाईल.

मास्तरांचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं. कापड बोटांत चुरून ते सांगायचे, हे पहिल्या धुण्यात दोन बोटं आटणार. सांगितलं तेवढंच आटायचं. पण ते पहिलं धुणं कुठे होतं, कोण करतं, कसं करतं, याची चौकशी या गृहस्थांनी कधी केली नाही. मळका शर्ट न्हाणीघराच्या दाराला लटकायचा आणि दोन दिवसांनी घडी होऊन कपाटात यायचा. मधल्या भानगडीत मास्तर पडले नाहीत. दोन वर्षांपूर्वी घरात कपडे धुण्याचं मशीन आलं, तेव्हा त्यांनी ते एकदा सगळीकडून पाहिलं, याला सुईच नाही म्हणाले आणि कामाला लागले.

मग बायको स्टुलावरून पडली. माळ्यावरचा डबा काढायला चढली होती. उजवं मनगट मोडलं आणि डॉक्टरांनी सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं.

तिसऱ्याच दिवशी मेट्रनचा फोन आला. मेट्रन म्हणजे बायकोची थोरली बहीण. नात्याने मास्तरांची अक्कडसासू, आणि स्वभावानेही तीच. तीस वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलात तिने नर्सेसना, वॉर्डबॉयना आणि संधी मिळाली तर डॉक्टरांनाही सरळ केलं होतं. मास्तर तिला तोंडावर ताई म्हणायचे आणि पाठीमागे मेट्रन.

"शनिवारी चार वाजता गाडी घेऊन येते," मेट्रन म्हणाली. "सहा आठवडे तिला माझ्याकडे नेते. बॅग भरून ठेवा."

"कशाला ताई? मी आहे ना इथे."

"तुम्ही आहात म्हणूनच नेते."

मास्तरांना ते झोंबलं. "स्वयंपाक मी करतो. केर मी काढतो. गोळ्या वेळेवर देतो. विचारा हवं तर तिला."

"आणि कपडे?"

मास्तरांनी न्हाणीघराच्या दाराला लटकलेल्या शर्टाकडे पाहिलं.

"ऐका," मेट्रन म्हणाली. "मी येईपर्यंत एक मशीनभर कपडे धुऊन दाखवा. नीट निघाले तर मी चहा पिऊन परत जाते. आणि तिला काही विचारायचं नाही. ती एक शब्द जरी बोलली तरी तुम्ही हरलात."

फोन ठेवून मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. "तुला काय वाटतं गं? जावंसं वाटतं का?"

"मला काय," बायको म्हणाली. "प्लास्टर इकडेही तेवढंच जड, तिकडेही तेवढंच."

हे काय उत्तर झालं? शनिवारपर्यंत मास्तर त्या वाक्याचा कीस पाडत बसले. खरं सांगायचं तर ते घाबरले होते. घर रिकामं म्हणजे काय, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. सकाळी उठल्यापासून कुणीतरी आपल्याला नावं ठेवतंय, याची इतकी सवय झालेली, की त्याशिवाय दिवस सुरू कसा करायचा हेच त्यांना कळेना. पण हे बायकोला सांगायचं? छे! त्यापेक्षा मशीन शिकलेलं बरं.

शनिवारी बारा वाजता बायकोने खुर्ची मशीनसमोर ओढून घेतली, प्लास्टरचा हात उशीवर ठेवला आणि तोंड घट्ट मिटून बसली. चेहऱ्यावर अशी मजा, की जणू नाटकाचं पुढच्या रांगेचं तिकीट मिळालंय. मास्तरांनी चष्मा पुसला आणि मशीनबरोबर आलेलं माहितीपुस्तक उघडलं. नवशिक्यांसाठी, असं वर लिहिलं होतं. तिथेच त्यांचं डोकं फिरलं. चाळीस वर्षं झाली या धंद्यात, आणि म्हणे नवशिके!

पहिली सूचना: कपड्याच्या आतलं लेबल वाचा.

आता गंमत अशी, की लेबल गळ्याला टोचतं म्हणून घरातल्या एकूण एक कपड्याचं लेबल मास्तरांनी स्वतःच्या हाताने उसवून टाकलं होतं. त्या जागी दुकानाची पट्टी शिवलेली. त्यांनी वीस कपडे उलटे करून पाहिले. विसांवर एकच मजकूर होता, 'फिटिंगची खात्री'. पाणी किती गरम, याबद्दल चकार शब्द नाही.

"बरं," मास्तर म्हणाले आणि पुढे गेले.

दुसरी सूचना: खिशातल्या वस्तू मशीनमध्ये पडू देऊ नका. कुणीही साधा माणूस खिसे रिकामे करील की नाही? मास्तर साधे नव्हते, शिंपी होते. त्यांनी सुई ओवली आणि सगळ्या खिशांची तोंडं शिवून टाकली. आत काय आहे हे बघायच्या भानगडीत पडले नाहीत. आता पडतील कशा वस्तू? बायकोने डोळे मिटून घेतले.

तिसरी सूचना: लहान कपडे हरवण्याची शक्यता असते, काळजी घ्या. हे मास्तरांना मनापासून पटलं. हे मशीन मोजे खातं, अशी बायकोची नेहमीची तक्रार. म्हणून त्यांनी मोज्याला मोजा टाचला. मग वाटलं, जोडीच्या जोडीच हरवली तर? म्हणून मोजे बनियनला टाचले. बनियन शर्टाला, शर्ट उशीच्या अभ्र्याला, अभ्रा चादरीला, चादर बायकोच्या गाऊनला. कच्च्या शिलाईचा लाल दोरा होता, लांबून दिसावा म्हणून मुद्दाम घेतलेला. हात असे चालत होते की काय सांगावं. दोन तास गेले, पण तीन दिवसांत पहिल्यांदा मास्तर सुखात होते. शीळसुद्धा घातली.

सवादोनला त्यांनी ती सगळी माळ मशीनमध्ये कोंबली आणि साबणाच्या पावडरीचा डबा उघडला. पुस्तकात लिहिलं होतं, एक माप. मास्तर हसले. एक माप लिहिणाऱ्याला व्यवहार कळत नाही. कुठलंही काम करताना मार्जिन ठेवावं लागतं. जास्त झालं तर आत दुमडता येतं, कमी पडलं तर गिऱ्हाईक गळा धरतं. त्यांनी चार मापं घातली. बायको जोरात खोकली. पाचवं माप उचललं तशी ती इतकी खोकली की मास्तर डबा टाकून धावले आणि तिच्यासाठी पाण्याचा पेला घेऊन आले.

"ठसका लागला ना? सावकाश पी," ते म्हणाले. ती पाणी प्यायली आणि तिने त्यांच्याकडे असं काही पाहिलं, की दुसरा माणूस असता तर समजला असता.

राहिलं बटण फिरवायचं. गोल बटणाभोवती बारीकबारीक चित्रं: पीस, फूल, बादली, बर्फाचा तारा, आणि कडेने पाणी किती गरम त्याचे आकडे. मास्तरांनी इस्त्रीचा विचार केला. सुती कापडाला इस्त्री कडक लागते, म्हणजे पाणीही कडक लागणार. त्यांनी बटण सगळ्यात मोठ्या आकड्यावर नेलं आणि सुरू केलं. दार खटकन बंद झालं. आत पाणी आलं, माळ फिरायला लागली. मास्तर कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"बघ," ते म्हणाले. "एवढ्याचाच बाऊ केला होता."

पाऊण तासाने पावडरीच्या कप्प्यातून फेस डोकावला. मास्तरांनी तो बोटाने आत ढकलला. फेस दुप्पट बाहेर आला. त्यांनी पंचा लावला, फेसाने पंचा गिळला. मग फेस जमिनीवर उतरला आणि निवांतपणे दुकानाच्या दिशेने निघाला. बायकोने दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. मास्तर झाडू घेऊन पुढे आणि फेस मागे, नंतर फेस पुढे आणि मास्तर मागे. शेवटी दुकानातल्या टेबलावरून नव्या कोटाचं कापड खाली लोंबत होतं, ते वाचवायला ते आडवे झाले आणि तेवढ्यात मागून धाडधाड आवाज सुरू झाला.

मशीन कपडे पिळायला लागलं होतं. आता सुटे कपडे असते तर ते आत नीट पसरले असते. ही होती एक सलग माळ, तिचा गुंडाळून गोळा झालेला. तो गोळा एकाच बाजूला आपटत होता आणि प्रत्येक आपटीला मशीन वीतभर पुढे सरकत होतं. एक वीत, दोन वीत, थेट बायकोच्या खुर्चीकडे.

"ए! थांब! थांब म्हणतो ना!" मास्तर ओरडले, आणि दुसरं काही न सुचून मशीनवर चढून बसले.

मेट्रन वेळेच्या दहा मिनिटं आधी येते, हे सगळ्या जगाला माहीत होतं. ती आली. दार उघडंच होतं. घोट्याएवढ्या फेसातून ती ताठ चालत आत आली आणि तिने पाहिलं, की बहीण खुर्चीवर पाय घेऊन बसली आहे, डोळ्यांतून पाणी वाहतंय, हसायचा आवाज बाहेर पडू नये म्हणून तोंडात पदराऐवजी उशीचं टोक कोंबलंय. आणि मेहुणे मशीनवर बसून थरथरतायत. चष्मा एका कानाला.

"या ता-ता-ताई," मास्तर म्हणाले. "ब-ब-बसा."

मशीन थांबलं. दार उघडलं. मेट्रनने बाह्या सरसावल्या, आत हात घातला आणि एक मोजा ओढला. मोज्यामागून मोजा आला, मग बनियन, मग शर्ट. ती ओढत राहिली, येतच राहिलं. चादर आली, गाऊन आला. मशीनपासून पुढच्या दारापर्यंत माळ पसरली तरी शेपूट आतच होतं. रंग म्हणाल तर अथपासून इतिपर्यंत वांग्याचा. लाल दोऱ्याचा रंग सुटला होता आणि शिवलेल्या खिशांपैकी एकात मास्तरांचा निळा खडू होता, दोघांनी मिळून ही कामगिरी केलेली.

मेट्रनने टाके जवळून पाहिले. "टाका सरळ आहे," ती म्हणाली. माणूस मेल्यावर त्याचे डोळे चांगले होते म्हणतात ना, तसं. मग म्हणाली, "बॅग कुठे आहे तिची?"

मास्तर मशीनवरून उतरले. कपडे ओले, केसांत फेस. ते जाऊन बायकोच्या खुर्चीपुढे उभे राहिले.

"नका नेऊ," ते म्हणाले.

"ठरलं होतं आपलं."

"ठरलं होतं. मी हरलो. मला नाही येत कपडे धुता. पण नका नेऊ हो तिला." बोलायला लागले तसे ते थांबेचनात. "आता काय लपवायचं? मला एकट्याला नाही राहता येत. तिला माझी गरज आहे म्हणून नाही म्हणत मी. मलाच नाही जमत. सहा आठवडे या घरात मी एकटा काय करू? मला एकटं राहता येत नाही, ताई!"

"आणि मला येतं?"

मेट्रन हे इतक्या जोरात बोलली, की स्वतःच दचकली. फेसाचे बुडबुडे फुटतायत तेवढा आवाज. वांगी रंगाच्या उशीच्या अभ्र्याचं टोक तिच्या हातात होतं, त्याकडे बघत ती हळू म्हणाली, "दोनशे खाटा होत्या माझ्याकडे. आता सकाळी उठून एक आवरते. आवरून झाली की साडेसहा वाजलेले असतात. मग दिवसभर काय करायचं ते सांगा तुम्ही."

तीस वर्षं या बाईला मास्तर घाबरत आले, पाठीमागे नावं ठेवत आले. ती निवृत्त झाल्याला तीन वर्षं होऊन गेली. घरी गेल्यावर ती काय करते, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. लाज वाटली त्यांना.

"ताई," ते म्हणाले, आणि पुढचं वाक्य आपल्याच तोंडून येतंय यावर त्यांचा विश्वास बसेना, "तुम्हीच राहा ना इथे. सहा आठवडे."

"इथे? या फेसात?"

"फेस मी काढतो."

"तुम्हाला झेपेन का मी?"

"नाही झेपणार," मास्तर खरं तेच बोलले. "पण राहा."

तेव्हा बायकोने तोंडातली उशी काढली. "मी बोलले हं," ती म्हणाली. "आता हे पक्के हरले. ताई, तू पलीकडच्या खोलीत झोप. आणि अहो, चार मापं पावडर कुणी घालतं का हो? खोकून खोकून माझा घसा बसला!" मग तिने डाव्या हाताने मास्तरांची ओली बाही पकडली आणि ती काही केल्या सोडेना.

मेट्रनने नाक ओढलं आणि ताठ झाली. "राहायचं म्हणता, पण मी अंगावरच्या कपड्यांनिशी आलेय. आणि घरातले सगळे गाऊन तर हे असे." तिने माळ हलवून दाखवली.

"कपड्यांचं काय घेऊन बसलात?" मास्तर म्हणाले. हा एकच विषय असा होता की ज्यात त्यांना कुणाच्या बापाची भीती नव्हती. फेसातून फचाफच पावलं टाकत ते दुकानात गेले, सगळ्यात मऊ कापडाचा तागा काढला आणि टेप घेऊन तिच्यासमोर उभे राहिले. "हात वर करा, ताई."

तीस वर्षं दुसऱ्यांना हात वर करायला लावणाऱ्या मेट्रनने मुकाट्याने दोन्ही हात वर केले.