भरून ठेवलेली बादली

लाँड्रीवाल्या मावशीचा स्वभाव मदतीचा, आणि तोच नडला.

डोंगर ज्वालामुखीचा, हे सगळ्यांना पाळण्यापासून ठाऊक. वेधशाळेचे मोजणीसाहेब दर सोमवारी सकाळी मावशीच्या परसातल्या विहिरीच्या पाण्याचं तापमान घ्यायचे. खाली लाव्हा सरकू लागला की आधी विहिरी तापतात, असं ते म्हणायचे. पण माणूस कंबरदुखीने बेजार. रहाट ओढताना असा कण्हायचा की मावशीला बघवेना. मग गेला महिनाभर ती रविवारी संध्याकाळीच बादली भरून ठेवत होती. नळ आल्यापासून विहिरीकडे एरवी कोण फिरकतंय? साहेबांना वाटे, बाईने आत्ताच पाणी काढलं.

"मावशी, तुमची विहीर थंडगार आहे हो!" कालही ते हेच म्हणाले. दुपारी सूचना लागली, हादऱ्यांमुळे खाली हलवलेल्या डोंगरावरच्या वस्तीने परत जायला हरकत नाही. तीन आठवडे आईकडे अडकलेली लेक सहा महिन्यांच्या बाळाला घेऊन हसतखेळत वर गेली.

आज नेमका नळ कोरडा, आणि हॉस्पिटलच्या चादरींचा हा ढीग! मावशीने विहिरीतून बादली ओढली, पाण्यात हात घातला आणि किंचाळलीच. वाकून बघते तर विहिरीतून वाफ येतेय, वर सडक्या अंड्यांचा वास. आणि तिला आठवलं. परवा संध्याकाळीही पाणी गरम लागलं होतं, पण तिने उन्हाला बोल लावला होता. साहेबांनी मोजलं ते रात्रभर निवलेलं पाणी.

"अगं बाई गं, काय करून बसले मी!"

तिने साहेबांना फोन लावून सगळं सांगितलं.

"कधी काढलं होतं म्हणालात?"

"रविवारी संध्याकाळी. तुमची कंबर दुखते म्हणून हो..."

"लेकीला खाली बोलवा, मावशी. मी धोक्याचा भोंगा वाजवायला सांगतो."

मावशीने लगेच लेकीला फोन लावला, तर ती उलट वैतागली. "परत? बाळ आत्ता कुठे झोपलंय. भोंगा काय, ऊठसूट वाजतो. साहेबांनी मोजलंय ना, तुझ्याच विहिरीत?"

"माझं चुकलं गं! ते पाणी शिळं होतं! विहीर उकळतेय, हात भाजलाय माझा. घालशील त्या शिव्या नंतर घाल, पण आधी नीघ!"

बाळाचं रडणं ऐकू आलं, दार आपटलं आणि फोन बंद झाला.

जमीन हादरली. इस्त्रीचे कपडे फळीसकट खाली आले. मावशी तशीच रस्त्यावर धावली. डोंगराच्या कुशीतून काळा धूर उसळत होता आणि माणसं लोंढ्याने उतरत होती. प्रत्येक बाईच्या तोंडाकडे ती बघत होती.

शेवटी लेक दिसली. अनवाणी, केसांत राख, बाळ छातीशी. मावशीने दोघांना घट्ट कवटाळलं आणि ढसाढसा रडली.

"आई," लेक धापा टाकत म्हणाली, "शेजारच्या काकू नाही आल्या. दार वाजवून वाजवून थकले. आतूनच म्हणाल्या, भोंग्याचं काय घेऊन बसलीस, तुझ्या आईची विहीर कधी खोटं बोलायची नाही."

मावशीने वर पाहिलं. वस्ती धुरात दिसेनाशी झाली होती.