अठरा खोके आणि एक यंत्र

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा, की तुमच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे कोंबले आहेत. आई ओठ हलवते आहे, पण ती जेवायला बोलावते आहे की रागावते आहे, हे कळत नाही. कोणी दार बडवतं आहे आणि तुम्ही आपले खिडकीतून बाहेर बघत बसला आहात. एक दिवस नाही, चांगली दोन वर्षं. उघडा आता डोळे. भिंगरीचे आजोबा तसे राहत होते.

आजोबा घड्याळजी. घड्याळ उघडण्याआधी ते कानाला लावायचे आणि त्याचं दुखणं सांगायचे. चाळीस वर्षं त्यांचं पोट त्या कानांवर चाललं. कान गेले, तसं दुकानही गेलं. दुकानातली एकच वस्तू त्यांनी सोडली नाही. घड्याळात घालायच्या बटणासारख्या सेलची पत्र्याची डबी अजून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात वाजायची, फक्त त्यांना ती ऐकू येत नसे.

नऊ वर्षांची भिंगरी त्यांच्याशी वहीतून बोलायची. वही गळ्यात अडकवलेली, हातात जाड काळा खडू, एका पानावर एक वाक्य. आजोबा वाचून उत्तर द्यायचे, तेही शेजाऱ्यांना कळेल इतक्या मोठ्याने.

सरकारचा नियम साधा होता. पासष्टीच्या पुढच्या ज्या माणसाला ऐकू येत नाही असं डॉक्टर लिहून देतील, त्याला कानाचं यंत्र फुकट द्यायचं. उपकार म्हणून नव्हे, हक्क म्हणून. मात्र पाच वर्षांतून एकदाच. पावतीवर सही झाली, की पुढची पाच वर्षं त्याचं नाव यादीत येणार नाही. आजोबांनी कचेरीत सात खेटे घातले, तेव्हा कुठे बोलावण्याचं पत्र हाती पडलं.

सभागृहात नऊला या म्हणून सांगितलं होतं. अठरा म्हातारी माणसं साडेआठलाच येऊन बसली. प्रत्येकाच्या छातीवर, सामानाला डकवतात तसा, नंबराचा कागद डकवला गेला. संडासाला कुलूप होतं, कारण तो मोठ्या साहेबांसाठी धुऊन ठेवला होता. आजोबांच्या शेजारच्या शिंपीणबाई पाय आवळून बसल्या होत्या. साहेब उगवले साडेबाराला. गळ्यात हार, अंगाला अत्तराचा भपकारा.

टेबलावर लाल फितीत बांधलेले अठरा खोके रचले होते. कारकुनाने खिशातून एक यंत्र काढलं. साहेबांनी ते पहिल्या म्हाताऱ्याच्या कानात बसवलं, हातात खोका दिला, फोटोवाल्याने फोटो काढला. मग कारकुनाने ते यंत्र उपटलं, आपल्या पँटवर पुसल्यासारखं केलं आणि दुसऱ्याच्या कानासाठी पुढे धरलं.

भिंगरीला वाटलं, चूक झाली असेल. पण तिसऱ्यालाही तेच. चौथ्यालाही तेच. सहाव्या माणसाचा कान वाहत होता, तरी तेच. यंत्राच्या रबरी टोकाला पिवळा मळ चिकटला होता, कारकुनाच्या मांडीवर त्याचा डाग पडला होता, आणि साहेब प्रत्येक फोटोत तेवढंच गोड हसत होते. आजोबांचा नंबर बारावा. तिने घाईने लिहिलं, “आजोबा, ते घाण आहे.”

आजोबांनी मान हलवली. आपली पाळी आली तेव्हा त्यांनी साहेबांच्या हातातून यंत्र सरळ काढून घेतलं, रुमालाने नीट पुसलं आणि उलटून पालटून पाहिलं. जन्मभर त्यांनी तेच केलं होतं. नख लागताच यंत्राचं इवलंसं झाकण उघडलं. आत सेलच नव्हता.

आता घड्याळजीच्या तळहातावर एखादी वस्तू उघडली आणि आत सेलची जागा रिकामी दिसली, तर त्याचा हात कुठे जाणार? आजोबांचा हात आपोआप डबीकडे गेला. तिसरा सेल बरोबर बसला. कारकून हातवारे करेपर्यंत यंत्र त्यांच्या कानात होतं.

आधी एक शिट्टी वाजली. मग पंख्याची घरघर. मग स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ. आणि मग, कॅमेऱ्याकडे बघून हसत हसत, साहेब कारकुनाला सांगत होते, “सह्या पटापट घ्या आणि हाकला सगळ्यांना. इथे कोणी खोका उघडायला नको. घरी जाऊन बोंबलले तरी बहिऱ्यांचं ऐकतंय कोण?”

“मला ऐकू येतंय, साहेब,” आजोबा म्हणाले. या वेळी अगदी हळू.

साहेबांचं हसू चेहऱ्यावर तसंच चिकटून राहिलं. कारकून यंत्रावर झडप घालायला आला. आजोबांनी त्याला हातानेच थांबवलं आणि ते भिंगरीकडे वाकले. “काहीतरी बोल,” ते म्हणाले. दोन वर्षं लिहून लिहून भिंगरीला एकदम काही सुचेना. ती फक्त “आजोबा” म्हणाली.

त्यांनी क्षणभर डोळे मिटले. मग यंत्र काढलं, त्यातला आपला सेल काढून डबीत ठेवला आणि यंत्र कारकुनाच्या हातावर ठेवलं. “यंत्र तुमचं, सेल माझा.”

त्यांना घालवायच्या घाईने कारकुनाने त्यांची पावती सगळ्यांआधी पुढे केली. ‘चालू स्थितीतील एक श्रवणयंत्र मिळाले.’ आजोबांनी पेन उचललं नाही. कारकून तावातावाने काहीतरी ओरडला. ते भिंगरीला लिहून दाखवावं लागलं: “सही नाही केली तर नाव कापतील.”

“कापू देत,” आजोबा म्हणाले. “न मिळालेलं मिळालं म्हणून मी लिहून देणार नाही.” त्यांना किळस आली होती. ते रुमालाने हात पुसत राहिले, स्वच्छ झाल्यावरही.

उरलेल्या सहा जणांचे फोटो तसेच उरकले गेले आणि कारकून पावत्यांचा गठ्ठा घेऊन रांगेत शिरला. आजोबा काय म्हणाले ते त्या रांगेत कोणालाच ऐकू गेलं नव्हतं. शिंपीणबाईंनी आपला खोका मांडीवर पोटाशी धरला होता. त्या खुशीत होत्या, आणि त्यांच्या हातात पेन होतं.

भिंगरीने आजोबांना दिलेल्या खोक्याची लाल फीत ओढून आत पाहिलं; आत काहीच नव्हतं. तिने वहीचं कोरं पान काढलं. एका पानावर एक वाक्य हा तिचा नियम तिने त्या दिवशी पहिल्यांदा मोडला. पानभर मोठी अक्षरं काढून तिने लिहिलं, “खोका रिकामा आहे. सही करू नका.” कारकुनाच्या कोपराखालून ती पुढे घुसली, ते पान शिंपीणबाईंच्या डोळ्यांसमोर धरलं आणि त्यांनी पेन खाली ठेवेपर्यंत तसंच धरून ठेवलं. मग ती पुढच्या खुर्चीकडे गेली.