साखराबाईंना चावणारी बस

भूकंपाला सात-आठ वर्षं होऊन गेली, लातुरात पुन्हा स्लॅबवर स्लॅब चढले, तरी शेषेराव काही पक्क्या छताखाली झोपायला तयार होईनात. स्वतःचं दोन मजली घर त्यांनी कोचिंगच्या पोरांना भाड्यानं दिलं. पोरांना छताची भीती नव्हती. त्यांच्याकडची सगळी भीती फिजिक्सनं आधीच वापरून टाकली होती. शेषेराव स्वतः अंगणात उभ्या केलेल्या बसमध्ये राहायला गेले. बस एका बंद पडलेल्या क्लासची. तिच्या पत्र्यावर अजून ‘यशाची शंभर टक्के हमी’ असं लिहिलेलं होतं.

आत पलंग, गॅस, फ्रिज, पंखा, कूलर असा सगळा संसार आणि त्याला घराच्या खिडकीतून ओढलेली एक वायर. एकंदर झकास. अडचण एवढीच, की बस साखराबाईंना चावायची.

दाराचा दांडा धरला की झिणझिणी थेट कोपरापर्यंत. शेषेरावांना मात्र कधी काही झालं नाही. त्यावरून त्यांनी शास्त्रशुद्ध निष्कर्ष काढला, की बिघाड बायकोत आहे. तो त्यांनी बायकोला सांगितलाही. साखराबाई त्याच दिवशी मुदखेडला भावाकडे गेल्या.

महिनाभर स्वतःच्या हातचं पिठलं खाल्ल्यावर शेषेरावांना बस तपासून घ्यावीशी वाटली. ‘मिस्त्री बोलावतो, ये’ असा त्यांनी निरोप धाडला. साखराबाई आल्या, पण रिक्षा फाटकाशी थांबवूनच.

“चावली तर तशीच माघारी जाते,” त्या म्हणाल्या. “मग बसा बशीला घेऊन.”

अकरम मिस्त्री गल्लीतला सर्वांत अनुभवी इलेक्ट्रिशियन. टेस्टर वगैरे नवशिक्यांची खेळणी, असं त्याचं मत. त्यानं घोड्याच्या पाठीवर थाप मारावी तशी बसवर थाप मारली.

“काय बी न्हाई काकी. वहम हाय तुमचा.”

“मी काय म्हणलो व्हतो?” शेषेराव खूश झाले. खूश होताना रिक्षाकडे बघायचं राहून गेलं.

वरच्या गॅलरीतून पोरं वाकून बघत होती. “काका, चौथा पर्याय! यापैकी नाही!” एकजण ओरडला.

साखराबाईंनी दोन्ही पुरुषांना वरून खालपर्यंत पाहिलं आणि त्यांची नजर खालीच थांबली. दोघांच्या पायांत जाड रबरी चपला.

“अवो, चपला काढा की.”

“बशीत चढताना कोण चपला काढतंय?”

“मी काढते. मला ते घर हाय. तुमाला बस दिसती.”

शेषेरावांनी चपला काढल्या. सड्यानं ओल्या झालेल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून त्यांनी ऐटीत दांड्याला हात लावला. पुढच्या क्षणी ते तुळशीपाशी बसले होते. मधला प्रवास कोणालाच नीट दिसला नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

“बिघाड कुणात हाय?” साखराबाईंनी विचारलं.

अकरमनं पिशवीच्या तळातून टेस्टर काढला. नवशिक्यांसाठी ठेवलेला असावा. पत्र्याला लावताच तो लख्ख पेटला. मग एकेक प्लग उपटणं सुरू झालं. पंखा काढला, पेटलेलाच. फ्रिज काढला, तरी पेटलेला. कूलर काढला आणि टेस्टर विझला.

“मोटर भिजलीय. पण करंट जमिनीत जायला पायजे व्हता काका, काकीच्या हातात न्हाई. अर्थिंगची हिरवी वायर कुठंय?”

“कापली.” शेषेराव अभिमानानं म्हणाले. “ज्या जमिनीनं गावं गिळली, तिला मी हातानं वायर जोडू? हादरा वायरीनं वर चढला म्हंजे?”

अकरमनं आयुष्यात बरीच कारणं ऐकली होती. हे त्यानं दोनदा ऐकून घेतलं.

“मोटर बदलतो. पण अर्थिंगबिगर लाईट सोडणार न्हाई. आज कूलर, उद्या फ्रिज.”

तेवढ्यात रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. साखराबाईंनी आपली पिशवी उचलली.

एका बाजूला जमीन, दुसऱ्या बाजूला मुदखेड. शेषेरावांनी गुमान कुदळ आणली. खड्डा खणला, कोळसा-मीठ घातलं, पाणी ओतलं. अकरमनं पाइप पुरून हिरवी वायर जोडली, तेव्हा ते तोंड फिरवून उभे राहिले.

साखराबाई अनवाणी आल्या. दांडा धरला. थांबल्या. आणखी घट्ट धरला. मग रिक्षावाल्याला म्हणाल्या, “जा तू,” आणि आत जाऊन चहा ठेवला.

“या की आत.”

“बाहेरच दे.”

“बाहेर चहा मिळत न्हाई.”

शेषेराव बराच वेळ जमिनीकडे बघत राहिले. जमीन गप्प होती. शेवटी ते चढले, पण पलंगावर बसले नाहीत. ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं. बसचं इंजिन भंगारवाल्यानं केव्हाच नेलं होतं.

साखराबाईंनी कप हातात दिला. “कुठं निघाला?”

“जमीन हालली तर बस बाहेर काढतो.”

“बरं,” म्हणत त्या मागच्या सीटवर टेकल्या. “आधी चहा प्या.”