ताराचंदची तार

मित्रांनो, मी सानगडीच्या तलावाच्या पाळीवरचा एक जुना मोहाचा वृक्ष आहे. वय विचारू नका. रंभाबाई नवी नवरी होती तेव्हापासून माझी फुले वेचते आणि आता तिचे केस पांढरे झाले आहेत.

लोकांना वाटते, मी नुसता उभा असतो. छे! माझ्या मुळांचे केसासारखे धागे चिखलातून पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार ओढून घेतात. ते आतल्या लाकडातून शेंड्यापर्यंत चढते. पानांच्या बारीक तोंडांतून हवा आत येते आणि उन्हाच्या चुलीवर माझा स्वयंपाक होतो. तो सालीतल्या वाटेने खाली मुळांना पोचतो.

आमच्याकडे फुलांच्या हंगामात आपल्या मोहाला खूण बांधतात, म्हणजे दुसरे कोणी त्याची फुले वेचत नाही. कोणी चिंधी बांधतो, कोणी सुतळी. रंभाबाईचा नवरा ताराचंद मात्र नावाला जागला. त्याने माझ्या कमरेला लोखंडी तार आवळली. प्रेमानेच आवळली, म्हणून रागावताही येईना.

मी वाढत गेलो, तार रुतत गेली. पाणी आतून चढत होते, म्हणून पाने हिरवीच होती. पण सालीतली वाट जवळजवळ तुटली आणि मुळे उपाशी राहू लागली. पुढे एका हंगामात टोपलीभर फुलेही पडली नाहीत. मला मरणाची भीती वाटली, खरेच सांगतो. ताराचंद बिचारा बुंध्याशी बादल्या ओतत राहिला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

एका सकाळी रंभाबाईने माझ्या अंगावर हात फिरवला आणि ती थबकली.

“अजी, पाहा जी, तारेच्या वरतं फुगलं न् खालतं सुकून राह्यलं.”

“पानं तं हिरवी आहेत न वं,” ताराचंद म्हणाला. “पाणीच कमी पडलं असन.”

“माह्या बोटात मुंदी रुतली होती तवा बोट असंच सुजलं होतं. काढा थे तार!”

ताराचंद पक्कड घेऊन आला. तलावाकडच्या बाजूला माझ्या खोडावर एक गाठ होती. तार तिच्यावरून ताणली गेल्याने तिच्या शेजारच्या सालीत शिरली नव्हती. तेवढी चार बोटे वाट शाबूत होती. तार तोडताना ताराचंदचे डोळे भरून आले.

“मले काय मालूम, बापा,” तो मलाच म्हणाला.

त्या चार बोटांच्या वाटेने मी मुळांना घास धाडत राहिलो. हळूहळू जखमेच्या कडांना नवी साल धरली. यंदा रंभाबाईची टोपली शिगोशीग भरली. आता खूण म्हणून माझ्या कमरेला गेरूचा पट्टा आहे. ताराचंदने तो इतक्या हलक्या हाताने ओढला, की मला गुदगुल्याच झाल्या.

मित्रांनो, झाडाला खुशाल आपले म्हणा. फक्त आवळू नका.