एकाच रेघेवर थांबलेला जांबू

मी एक लहान चणीचा पांढरा कोंबडा आहे. वय दोन वर्षांचे, पण मित्रांनो, अंगणात नवखे माणूस आले की मला तलंगच, म्हणजे कोवळी कोंबडीच, समजते. माझे नाव जांबू. पांढऱ्या कोंबड्याला गुलाबी गराच्या जांबाचे, म्हणजे पेरूचे, नाव कसे, असे तुम्ही विचाराल. मला विकत घेतले तेव्हा मी गुलाबी होतो. ती गोष्ट अशी.

माझा जन्म यंत्राच्या उबेत झाला. आई कशी असते ते मला ठाऊक नाही. नर पिल्ले अंडी देणार नाहीत, म्हणून आम्हाला कोणी विचारत नव्हते. मग आम्हाला रंगाच्या घमेल्यात घोळवले, उन्हात वाळवले आणि पिंजऱ्यात भरून क्लातेन शहराजवळच्या एका गावात, शाळेच्या फाटकापाशी नेले. मुलांची ही झुंबड उडाली. सात वर्षांच्या वेनिंगने मला आणि एका निळ्या पिल्लाला उचलले. तिच्या चुलत बहिणीने, लिंतांगने, एक हिरवे घेतले.

वेनिंग तिच्या आजीजवळ राहायची. सुमिनाह आजी सकाळी हळदी-आल्याच्या काढ्याच्या बाटल्यांची टोपली पाठीला बांधून घरोघर फिरायची आणि ऊन चढले की परतायची. तिच्या दाराच्या खांबावर कोळशाच्या रेघा होत्या. दर ईदला ती वेनिंगला खांबाला टेकवून उभी करायची आणि डोक्यापाशी एक रेघ ओढायची. आम्ही घरी आलो त्या दिवशी वेनिंगने मलाही तिथे उभे केले आणि अगदी खाली, जमिनीपासून बोटभर उंचीवर, माझी रेघ ओढली. निळ्याची रेघ ओढायची राहूनच गेली.

चौथ्या दिवशी अंगणाच्या भिंतीवरून आखूड, वाकड्या शेपटीचा एक बोका उतरला आणि निळ्याला घेऊन गेला. मी हातभर अंतरावर होतो. निळ्याला ओरडायलाही सवड मिळाली नाही.

वेनिंगने रडून घर डोक्यावर घेतले. त्या दिवसापासून तिने मला घरात, खोक्यात ठेवले. खाली चिंध्या, वर जाळी, आणि दिवसातून तीनदा मऊ पांढरा भात. ती मला जपत होती, याबद्दल माझ्या मनात कधीच शंका नव्हती. मी पोट फुगेपर्यंत खायचो. तरी अंगाला काही लागत नव्हते. पंख फडफडवले तर चिंधीचा दोरासुद्धा हलायचा नाही.

महिना गेला. एक दिवस लिंतांग तिचे पिल्लू काखेत मारून आली. त्याचा हिरवा रंग पार गेला होता. पांढरी पिसे फुटली होती, पाय काटकुळे आणि लांब झाले होते. दिवसभर ते उकिरड्यावर उकरत हिंडायचे. माझ्याकडे बघायला त्याला मान खाली घालावी लागली.

"हे पिल्लू आहे की साबणाची वडी?" लिंतांग म्हणाली. "आणलं तसंच आहे."

"जळतेस तू," वेनिंग म्हणाली. "माझ्याचा रंग टिकला. तुझ्याचा उडाला."

गल्लीतली मुले मला बघायला येऊ लागली. किती गोड, किती गुलाबी, असे प्रत्येक जण म्हणायचा. मित्रांनो, कौतुक वाढत गेले तशी माझी भीतीही वाढत गेली. कारण खिडकीत तो बोका येऊन बसायचा. लिंतांगच्या पिल्लाकडे त्याने एकदा पाहिले आणि तोंड फिरवले. ते आता त्याच्या आवाक्यातले राहिले नव्हते. माझ्याकडे मात्र तो टक लावून बघत राहायचा. मी वाढत नाही हे घरात सगळ्यांच्या आधी बोक्याला कळले होते.

शेवटी एका दुपारी आजीने टोपली उतरवली आणि मला खोक्यातून उचलले.

"हे कधी आणलंस गं?"

"महिना झाला. रंग बघ ना आजी, जरासुद्धा उडाला नाही. लिंतांगच्याचं बघ, पार कोंबडं झालं."

"मग काय बदक व्हायला हवं होतं?" आजीने माझ्या छातीच्या हाडावरून अंगठा फिरवला आणि तिचा चेहरा बदलला. "कोळसा आण."

वेनिंगने मला खांबाला टेकवले आणि रेघ ओढली. कोळसा जुन्याच रेघेवरून गेला. तिने मला सरळ केले, मान ताणली, पुन्हा कोळसा टेकवला. तो तिथेच टेकला.

"रंग टिकला नाही, बाळा," आजी म्हणाली. "नवं पीसच फुटलं नाही, तर जुना रंग जाईल कुठे? पिल्लू थांबलंय."

"मरेल?"

"असंच ठेवलंस तर मरेल." आजी गोड बोलणाऱ्यांतली नव्हती.

"मी तीनदा भात देते त्याला!"

"तू वाढली असतीस नुसत्या भातावर? त्याला किडे हवेत, वाळवी हवी. ऊन हवं, माती हवी."

"बाहेर बोका आहे, आजी."

"आहेच. तो काही गाव सोडून जायचा नाही."

वेनिंगने मला छातीशी धरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला अंगणात सोडले आणि खराटा घेऊन शेजारी उभी राहिली. लिंतांगने कुजलेला बांबू आणून आपटला. त्यातून वाळवी सांडली. "घे, साबणाची वडी, खा," ती म्हणाली. मी पहिला किडा टिपला, दुसरा टिपला, आणि तेवढ्यात भिंतीवरून सावली सुटली. वेनिंग किंचाळत धावली आणि खड्यांवर आपटली. खराटा बोक्याच्या पाठीत बसला. त्याच्या पंजात माझ्या शेपटीचा गुलाबी पुंजका गेला. मी अंगणातल्या पालथ्या टोपलीखाली घुसलो आणि दुपारपर्यंत बाहेर आलो नाही.

मित्रांनो, खरी भीती मला त्यानंतरच्या सकाळी वाटली. वेनिंग गुडघ्याला हळद लावून खोक्यापाशी बसली होती. एकदा ती जाळीकडे बघायची, एकदा दाराकडे. मलाही तो खोका हवाहवासा वाटत होता आणि भीती त्याचीच होती. मग तिने डोळे पुसले, मला उचलले आणि लंगडत अंगणात नेले. सुकटीचा भुगा घालून कोंडा भिजवला, वाटीत हळदीचे पाणी ठेवले आणि पुन्हा खराटा हातात घेतला. शाळेची वेळ होईपर्यंत ती जागची हलली नाही. पुढे रोज तसेच झाले.

नवव्या दिवशी माझ्या पंखाखाली तिच्या बोटाला काहीतरी टोचले. पांढऱ्या पिसाचे टोक होते. तिने आजीला हाका मारून मारून घर दणाणून सोडले. त्या महिन्यात माझा गुलाबी रंग मूठमूठ गळाला आणि ती हसत तो झाडून टाकत होती.

मी जगलो. पण गेलेला तो महिना मला कोणी परत दिला नाही. लिंतांगच्या कोंबड्याच्या मी आजही खांद्याला लागतो आणि माझी बांग गल्लीच्या टोकापर्यंत पोहोचत नाही. खांबावर आता माझ्या बऱ्याच रेघा आहेत. सगळ्यांत खालची तेवढी जाड दिसते, कारण ती पुन्हा पुन्हा ओढलेली आहे.

शाळेच्या फाटकाशी अजूनही रंगीत पिल्लांचा पिंजरा येतो. वेनिंग मुलांना घरी बोलावते, त्या जाड रेघेवर बोट ठेवते आणि नवे पीस फुटले का हे पिल्लाच्या पंखाखाली कसे चाचपायचे ते दाखवते. मी तेव्हा टोपलीमागे लपून बसतो. त्यांच्या खोक्यांतली चिवचिव मला ऐकवत नाही. मित्रांनो, तुमच्याही हातात कधी असा खोका आला, तर पिल्लू किती गोड दिसते ते उद्या बघा. आज त्याची एक रेघ ओढून ठेवा.