दोडक्याच्या अक्षता

लातूर जिल्हा झाला आणि पाठोपाठ पावसानं दडी मारली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही हे शाळेतल्या गुरुजींनी पटवून सांगितलं होतं, पण नागरवाडीत यावर दोन मतं होती. एक मत असं, की पाऊस जुन्या सवयीनं उस्मानाबादच्या पत्त्यावर गेला असणार आणि तिथून माघारी फिरला असणार. दुसरं मत काय होतं ते कुणाला आठवत नव्हतं, कारण पहिलंच सगळ्यांना लई आवडलं होतं.

व्यंकटीचा थोरला भाऊ अण्णाराव नव्या जिल्ह्याच्या एका कचेरीत कारकून म्हणून लागला होता. तेव्हापासून तो सुट्टीला घरी आला की माणूस आल्यासारखं वाटत नसे, अख्खा जिल्हा ओसरीवर येऊन बसल्यासारखं वाटे. चहात साखर कमी पडली तरी तो म्हणायचा, नवा जिल्हा आहे, हळूहळू सगळं होईल.

व्यंकटीचा धंदा भाजीपाल्याच्या बियांचा. धंदा म्हणजे एक पत्र्याची पेटी, एक तरट आणि आई. बी आईचं. केवळाबाईंनी घरामागं न्हाणीच्या दगडाशी दोडक्याचा वेल धरला होता आणि त्याला आंघोळीच्या पाण्याखेरीज दुसरं पाणी माहीत नव्हतं. घरात कुणी आंघोळीला टाळाटाळ केली तर केवळाबाई त्याच्या अंगाचा विचार करत नसत, वेल सुकंल म्हणून ओरडत. अशा वेलाचं बी दुष्काळात सोन्यासारखं. विहीर आटली तरी माणूस तोंड धुतोच. व्यंकटी ते बी घेऊन जळकोटच्या आणि देगलूरच्या बाजारात बसायचा, आणि देगलूरला सरहद्दीपलीकडची, कर्नाटकातली गिऱ्हाईकं यायची. औरादकडच्या बसम्मा तर दरवर्षी यायच्या. त्या एकट्या कधी घेत नसत, गल्लीतल्या सगळ्या बायकांचं बी नेत आणि सगळ्यांच्या वतीनं घासाघीस करत.

यंदा बाजारच मोडले. जनावरं विकून झाली होती, माणसं खडी फोडायला गेली होती, पलीकडून येणाऱ्या गाड्याही निम्म्या झाल्या होत्या. बसम्मांचा निरोप आला की आमच्याकडं दोडका लावायची वेळ झाली, पोस्टानं धाड. गल्लीतली सगळी नावं आणि पत्ते सोबत होते.

हे अण्णारावानं ऐकलं आणि तो खूश झाला. कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर शिक्के मारायला एक माणूस पाहिजे होता. टेबल आलं होतं, खुर्ची यायची होती, पण व्यंकटी तरुण होता, काही दिवस उभा राहिला असता. अण्णाराव म्हणाला, होळीपर्यंत पलीकडची गिऱ्हाईकं टिकवून दाखव, नाहीतर पेटी माळ्यावर टाकून लातूरला चल. राहायला त्याचीच खोली होती. व्यंकटीला शिक्क्यांची भीती नव्हती. एका खोलीत रात्रंदिवस जिल्ह्याबद्दल ऐकायचं, या कल्पनेनं त्याची झोप उडाली.

त्यानं आधी सरळ मार्ग करून पाहिला. बियांची पुडी पोस्टात तोलली तर पुडीपेक्षा तिकिटंच महाग झाली. मग त्यानं पलीकडे जाणाऱ्या एका बसच्या ड्रायव्हरची ओळख काढली. ड्रायव्हर सज्जन होता. पुडी हरवू नये म्हणून त्यानं ती डोळ्यांसमोर, इंजिनाच्या झाकणावर ठेवली. औरादला पोचेपर्यंत बी खरपूस भाजून निघालं. नंतर त्यानं पलीकडे शेरडं नेणाऱ्या एका मेंढक्याला गाठलं. त्या पुडीचं पुढं काय झालं हे शेरडांनाच माहीत.

शेवटी तो संगप्पा मास्तरांच्या ओसरीवर जाऊन बसला. नागरवाडीचं पोस्ट या ओसरीवरच चालायचं. मास्तर स्वभावानं मायाळू, पण टपालाच्या नियमांच्या बाबतीत सोवळे. व्यंकटीनं विचारलं, सगळ्यात स्वस्त काय जातं? मास्तरांनी विचार करून सांगितलं की छापील लग्नपत्रिका जाते, उघड्या पाकिटात. पत्त्याखेरीज हातानं काही लिहायचं नाही आणि पाकीट चिकटवायचं नाही.

"आन् आत अक्षता असल्या तर?"

मास्तर दुखावले. "माझी नोकरी संपत आली व्यंकटी. आजवर कुणाच्या अक्षता मी काढून घेतल्या न्हाईत."

व्यंकटी तिथून उठला तो थेट उदगीरला, छापखान्यात.

छापखान्याच्या मालकाचं म्हणणं पडलं की नवरा, नवरी, तिथी आणि जागा नसलेली पत्रिका आपल्या यंत्रावर चढणार नाही. नवरा म्हणून दुसरं कुणी तयार होईना, तेव्हा व्यंकटीनं स्वतःचं नाव दिलं. नवरीचं काय, म्हटल्यावर मालकानं आदल्या पत्रिकेचे अक्षरांचे खिळे तसेच जुळवलेले दाखवले. 'चि. सौ. कां. रुद्राणी'. तिचं लग्न मागच्या आठवड्यात होऊन गेलं होतं, तिचं आता काही जाणार नव्हतं, आणि नाव ठेवलं तर जुळणीचे पैसे वाचणार होते. व्यंकटीनं ठेवलं. तिथी फाल्गुनातली टाकली, म्हणजे तोवर बसम्मांच्या गल्लीत वेल मांडवाला लागले असते. जागा वराचं राहतं घर. आणि अगदी खाली, मुख्य मजकूर म्हणून, दोन ओळी:

'कृपया आहेर आणू नये. सोबतच्या अक्षता टाकू नयेत, पेराव्यात.'

घरी येऊन त्यानं दोडक्याच्या काळ्या चपट्या बियांना हळदीकुंकवाचं बोट लावलं आणि पाकिटापाकिटात भरल्या. आईला सांगितलं, धंद्याचं काम आहे. ते खोटं नव्हतं. संगप्पा मास्तरांनी पाकिटं चाचपून पाहिली, अक्षता जरा जाड आहेत एवढंच म्हणाले, आणि बी फुटू नये म्हणून शिक्का असा मारला की जणू झोपलेल्या लेकराला थोपटताहेत. लग्नाबद्दल त्यांनी व्यंकटीचं अभिनंदन केलं. व्यंकटी म्हणाला, बघू.

मग दिवस गेले आणि पलीकडून एक शब्द आला नाही. बी पोचलं का, उगवलं का, काही नाही. अण्णाराव सुट्टीला आला की विचारी, आणि व्यंकटी म्हणे, उगवायला वेळ लागतो दादा. अण्णाराव म्हणे, जिल्ह्यालाही लागला.

एक गोष्ट व्यंकटीच्या ध्यानातच आली नव्हती. लग्नपत्रिकेत लोक तीनच गोष्टी बघतात. कुणाचं, कधी, आणि जेवण आहे का. 'आहेर आणू नये' ही ओळ छापायची असते, वाचायची नसते, हे लहान पोराला कळतं. आणि त्यानं धंद्याचा सगळा जीव नेमका त्या ओळीच्या शेजारी ठेवला होता.

फाल्गुनातल्या त्या तिथीला सकाळी नागरवाडीच्या वेशीतून ट्रॅक्टर आत आला. मागच्या ट्रॉलीत माणसं खच्चून भरली होती. जरीच्या इरकली लुगड्यांतल्या बायका, टोप्या घातलेले बाप्ये, आणि प्रत्येक घराची एक घागर, वर ओलं फडकं बांधलेली. दुष्काळातल्या लग्नात आहेर काय न्यावा यावर औरादकडं बरीच चर्चा झाली होती, आणि सगळ्यांनी पाणी न्यायचं ठरवलं होतं. सोबत ज्वारीची पोती आणि गुळाच्या ढेपा. पुढं बसम्मा उभ्या होत्या, हातात पत्रिका, ट्रॅक्टरवाल्याला घर दाखवत.

केवळाबाई दारात सूप घेऊन उभ्या होत्या. त्यांना बसम्मांनी मिठी मारली, विहीणबाईला मारतात तशी. मग इकडंतिकडं बघून विचारलं, रुद्राणी कुठाय?

केवळाबाईंनी सूप खाली ठेवलं. "व्यंकट्या," त्या आत बघून शांतपणे म्हणाल्या, "ही रुद्राणी कोन हाय, आन् तिचं माझ्या घरी काय काम हाय?"

व्यंकटी न्हाणीच्या दगडावर बसला होता. पळून जावं तर मागं काटेरी कुंपण, आणि कुंपणापलीकडं सगळा मोकळा माळ, लपायला एक हिरवं झुडूप नव्हतं. तेवढ्यात अण्णाराव आला. पहिल्या गाडीनं. संगप्पा मास्तरांनी त्याला कार्ड टाकून कळवलं होतं की तुझ्या भावाचं लग्न आहे आणि तुलाच आमंत्रण नाही. एका खिशात त्यानं आवक-जावकचा अर्ज आणला होता, फक्त सही राहिली होती. तो ओरडायला तोंड उघडणार, एवढ्यात पाहुण्यांतल्या दोघांनी 'नवरदेवाचे थोरले' म्हणून त्याला धरलं, बसवलं, आणि डोक्याला लालभडक फेटा बांधून टाकला. फेटा बांधलेल्या माणसाला पाहुण्यांवर ओरडता येत नाही. अण्णारावानं तोंड मिटलं.

व्यंकटीनं मग सगळं सांगून टाकलं. अंगणात उभा राहून, हात जोडून. लग्न नाही, नवरी नाही, मी बी पाठवलं होतं, तुम्ही मागितलेलं. पोस्ट परवडेना म्हणून असं केलं.

मग ट्रॉलीतल्या एका म्हाताऱ्यानं खिशातून पुडी काढून डोळ्यांजवळ नेली आणि कबूल केलं की त्याला दोडक्याचा संशय आला होता. पण सगळ्यांनी आपसात ठरवलं होतं, की पोरगं गरीब आहे, ज्वारी मिळाली नसंल, म्हणून दोडक्याच्या अक्षता केल्या. आणि लग्नाच्या गडबडीत बी धाडायचं राहिलं असंल, तर लग्नाला जाऊ तेव्हा घेऊन येऊ. म्हणजे सगळी गल्ली बी खिशात घेऊन बी न्यायला आली होती.

अण्णाराव फेट्याखालून म्हणाला, "म्हंजे बी एकानं बी पेरलं न्हाई. हे लग्नाला आले, बियाला न्हाई. चल, सही कर."

"तुमी घरी जाऊन आता पेरा," व्यंकटी बसम्मांना काकुळतीनं म्हणाला. "अजून वेळ गेली न्हाई. तुमच्याकडंच हाय बी."

बसम्मांनी मान हलवली. "न्हाई बाबा. अक्षता म्हणून घरात आली, देवापाशी ठेवली, हातात घेऊन निघालो. न टाकता माघारी न्यायची न्हाई. वंगाळ असतंय."

यावर दोन्ही राज्यांचं एकमत झालं. अक्षता पडायलाच पाहिजेत. कुणावर, एवढाच प्रश्न होता. एकट्या व्यंकटीवर टाकायला कुणी तयार नव्हतं, ते अर्धवट झालं असतं. अण्णारावाचं लग्न झालेलं होतं. संगप्पा मास्तर तोवर येऊन पोचले होते, त्यांच्याकडंही काहींनी पाहिलं, पण ते विधुर असले तरी सरकारी माणूस होते.

केवळाबाई कंटाळल्या. सकाळपासून त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. त्या म्हणाल्या, तुळशीला नवरा मिळतो दरवर्षी, मग माझ्या दोडक्याला बायको का मिळू नये? न्हाणीच्या दगडाशी एका अंगाला दोडका होता, दुसऱ्या अंगाला कारली, आणि दोघं गेला महिनाभर एकाच काटकीला धरून चढत होती. गावाला कळायच्या आत लावून दिलेलं बरं.

अशी रुद्राणी सापडली. मध्ये अंतरपाट धरला. फेट्याचा मान म्हणून अण्णाराव नवऱ्याकडून उभा राहिला आणि त्याला मंगलाष्टक म्हणावं लागलं. त्याला एकच कडवं येत होतं. ते तो पुनःपुन्हा म्हणाला, पण नंतर नंतर आवाज मोकळा सोडून. प्रत्येक 'सावधान'ला दोडक्याचं बी कर्नाटकातून पाऊस आल्यासारखं वेलांवर, दगडावर, अण्णारावाच्या फेट्यावर बदाबद पडलं.

जेवणं झाली. आहेराची ज्वारी, आहेराचा गूळ, आहेराचं पाणी. यजमानांचं फक्त मीठ आणि चूल. आणि मग सवाष्णी निघायला उभ्या राहिल्या तेव्हा केवळाबाईंचा चेहरा उतरला. लग्नाहून बायकांना रिकाम्या ओटीनं धाडायचं नसतं, आणि घरात तांदळाचा दाणा नव्हता.

व्यंकटीनं बसम्मांना विचारलं, "अक्काबाई, अक्षता एकदा पडल्यावर तिचं काय असतंय?"

"पडल्यावर काय? पडल्यावर काई न्हाई. केरात."

"मग ती आता अक्षता न्हाई."

बसम्मा न्हाणीकडं बघत राहिल्या. मग त्यांनी पदर पसरला. "हौदु," त्या कानडीत 'हो' म्हणाल्या. "आता ते बी हाय. भर."

केवळाबाईंनी केरसुणी न लावता, हातानं एकेक बी वेचलं. अण्णारावाचा फेटा उतरवून झटकला, त्यातूनच दोन घरांचं निघालं. मग सुपातून मूठ मूठ घेऊन प्रत्येकीची ओटी भरली, आणि प्रत्येकीला दम भरला की आंघोळ चुकवायची नाही. बायकांनी पदराला गाठी मारल्या. लग्नातली ओटी आहे म्हटल्यावर ते बी आता कुणी इंजिनावर ठेवणार नव्हतं की शेरडापुढं टाकणार नव्हतं.

अण्णारावानं अर्ज खिशातून काढला, पाहिला, आणि घडी तशीच आत ठेवली. ट्रॉलीभर माणसं दुसऱ्या राज्यातून आपल्या पाण्यासकट येऊन बी घेऊन जातात, असं गिऱ्हाईक त्याच्या कचेरीला मिळालं नसतं. "होळीला अजून चार दिस हायेत," तो म्हणाला, "पन ऱ्हाऊ दे. जिल्ह्याचं मी बघतो. तू सरहद्दीचं बघ." फेटा मात्र तो लातूरला घेऊन गेला.

ट्रॅक्टर सुरू झाला तेव्हा व्यंकटी ट्रॉलीशी उभा होता. बसम्मा वरून त्याच्याकडं निरखून बघत होत्या. त्यांच्या एका नणंदेची लेक होती, भालकीला, शिवणकाम करायची, पोरगं चांगलं असेल तर घरचे बघणार होते. त्यांनी हे सांगितलं तसा व्यंकटी लाजला आणि म्हणाला, ठरलं तर सगळ्यांना पत्रिका धाडतो.

"पत्रिका नगं," बसम्मा ट्रॅक्टरच्या आवाजावरून ओरडल्या. "समक्ष येऊन सांग. इथून पुढं तुझी पत्रिका आली की सगळी गल्ली खुरपं घेऊन परसात जाईल, लग्नाला कोन येनार न्हाई."